तोंड न लावायचा धोटा

धैर्यवानसाहेबांच्या कोटाच्या उजव्या खिशातून नेहमी एक लोखंडी चोच बाहेर डोकावत असे. ती धोट्याची चोच. धोटा म्हणजे काय हे तुम्हा दोघा नातवंडांना ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. मागावर उभी सुतं ताणलेली असतात. त्यांच्यामधून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी, होडीच्या आकाराची लाकडी वस्तू म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि कुशीला एक बारीक भोक असतं. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. कसं? भोकाला ओठ लावून आणि श्वास आत ओढून. टोक तोंडात येतं. त्याच्याबरोबर कापसाचा भुगा येतो, तेल येतं आणि आधीच्या पाळीतल्या माणसाची थुंकीही येते. त्या काळी आमच्या परळच्या गिरणीतले विणकर दिवसभर हेच करत.

साहेब तो धोटा कुणाच्याही हातात ठेवत आणि म्हणत, "ओढून बघा." एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी तो एका बॅरिस्टरच्या केळीच्या पानाशेजारी ठेवला. "जेवणाआधी एकदा ओढा. मग कामगारांच्या आळसावर काय बोलायचं ते बोला." वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोक खिशात पानाचा डबा ठेवतात. आमच्याकडे हे!"

माझी पाळी ट्राममध्ये आली. मी तेव्हा इंग्रजी घेऊन नुकतीच बी.ए. झाले होते, टायपिंग शिकले होते आणि त्या गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते. साहेब त्याच गिरणीत इंजिनिअर, आणि राहायला गिरगावात आमच्याच गल्लीत. पहिल्याच सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"तू दामूअण्णांची कुमुद ना? हे घे. ओढून बघ."

"तोंडाने?"

"मग काय नाकाने?"

मी रुमाल काढून तो धोटा पुसायला लागले. ते हसले. "पूस, पूस. विणकराला तेवढी सवड नसते." मला काही ते जमलं नाही. मी धोटा रुमालात धरूनच परत केला. त्यांना राग आला नाही.

"नको वाटलं ना? मग दुसऱ्याने ते दिवसभर करावं असं कुणी ठरवलं?"

"धोटा तसाच असतो म्हणून करतात," मी म्हटलं.

"धोटा आकाशातून पडत नाही, कुमुद. कुणा माणसाने ते भोक तिथे पाडलं. त्याला स्वतःला ते ओढायचं नव्हतं, एवढंच."

माणूस बुटका होता, आवाज बारीक आणि चाल भरभर. घराणं मुंबईतलं फार जुनं. इंग्रजांच्या कचेऱ्यांत कारकुनी करून नावारूपाला आलेलं. घरात जेवणाचे आणि कपड्यांचे शौक. त्या घराण्यातला मुलगा इंजिनिअर झाला आणि संध्याकाळी लालबागला कामगारांच्या युनियनच्या खोलीत चटईवर बसू लागला. अधिकाऱ्याने तिथे बसणं गिरणीला खपत नव्हतं आणि कामगारांनाही आधी पटत नव्हतं. मॅनेजरला वाटे की हा युनियनचा माणूस आहे, आणि युनियनला वाटे की हा मॅनेजरने पाठवलाय. साहेब म्हणत, "दोन्हीकडून संशय येतो म्हणजे मी बरोबर मधोमध उभा आहे." मधोमध उभं राहिलेल्या माणसाला दोन्हीकडच्या भिंती लागतात, हे त्यांना पुढे कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

त्यांचं दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं. यंत्र बिघडलं की फिटर यंत्राभोवती जमत. साहेब विचारत, "ह्याच्यापाशी उभा कोण असतो?" आणि त्या माणसाला बाजूला घेऊन त्याच्याशी आधी बोलत. खिशात खडू असायचा. तिथल्या तिथे फरशीवर बसून चित्र काढायचे आणि त्या माणसाला म्हणायचे, "चुकलं असेल तर पुसून टाक." माणसं आधी लाजत, पण मग खरंच पुसत.

आता भागाजीबद्दल सांगायला हवं. भागाजी जाधव डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा आणि गिरणीत सूत कातणाऱ्या रिंग खात्यात कामाला होता. त्या वेळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्यापैकी तो. आमच्या गिरणीत अशा माणसांना रिंग खात्यात काम मिळे, पण साचा खात्यात, म्हणजे जिथे साच्यांवर, यंत्रावर चालणाऱ्या मागांवर, कापड विणतात तिथे, मिळत नसे. साच्यावर मजुरी जास्त आणि मानही जास्त. कारण लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. एका पाळीचा धोटा दुसऱ्या पाळीच्या तोंडात जातो. भागाजीने तोंड लावलेला धोटा बाकीचे तोंडात कसा घालणार?

तुम्हाला हे वाचून धक्का बसेल, म्हणून हेही लिहिते. आमच्या गिरगावच्या घरातही मागच्या जिन्याने येणाऱ्या माणसासाठी एक वेगळा कप होता, कान तुटलेला. तो मीच विसळून कोनाड्यात उपडा ठेवत असे आणि त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

भागाजीला विणकर व्हायचं होतं. दुसरं काही नाही. गिरणीने टाकून दिलेला एक धोटा त्याने मिळवला होता आणि घरी बसून तो सराव करी. कांडी घालायची, ओठ लावायचे, ओढायचं. साहेबांना हे त्यानेच सांगितलं. त्या दिवशी ट्राममध्ये साहेब धोट्याचं भोक न्याहाळत बसले. उतरताना म्हणाले, "त्याला आत न घेण्याचं कारण लाकडात आहे, कुमुद. एक भोक. आणि भोक बदलता येतं!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मीही विश्वास ठेवला.

दोन महिने ते नव्या धोट्याच्या मागे होते. रविवारी रे रोडच्या वखारींत जाऊन चिवट, जड लाकडाचे तुकडे शोधायचे आणि घराच्या गॅलरीत बसून रंधा मारायचा. वहिनी म्हणायच्या, "भुशाची भाजी करू का आज?" शेवटी एक धोटा झाला. त्याच्या कुशीला वरून तिरकी खाच होती. सूत त्या खाचेत ठेवायचं आणि अंगठ्याने दाबायचं, की ते आपोआप भोकात जाऊन बसे. तोंड लावायची गरजच उरली नाही. ना दम्याची भीती, ना विटाळाचं कारण. साहेबांनी तो मला दिला. मी अंगठ्याने दाबलं आणि टिचकीसारखा आवाज आला. रुमाल काढावा लागला नाही.

सगळं सोपं होईल असं वाटण्याचा तो शेवटचा दिवस.

मॅनेजरने धोटा हातात घेऊन दोनदा दाबून पाहिला. मी टिपणं घ्यायला बसले होते. ते म्हणाले, "व्हेरी गुड, मिस्टर धैर्यवान. एका माणसाला आता साचे किती?"

"दोनच."

"वेळ तर वाचतो."

"तो विणकराचा श्वास घ्यायचा वेळ आहे. वाचत नाही, त्याला परत मिळतो."

"मग गिरणीने हा धोटा कशाला बनवायचा?" मॅनेजरने विचारलं. आणि त्यांनी धोटा टेबलावरून परत सरकवला.

युनियनच्या खोलीत नाना जॉबर होते. जॉबर म्हणजे साच्यांच्या एका रांगेवरचा म्होरक्या, आणि नाना युनियनचेही म्होरके. मूळचे मालवणकडचे. त्यांनी धोटा नाकाजवळ नेऊन त्याचा वास घेतला. "साहेबानू, धोटो बरो आसा. माझो भाऊस ह्याच खोकल्यान गेलो, माका सांगूक नको. पण मालक काय म्हणतलो? वेळ वाचलो, आता दोनाचे चार साचे सांभाळ. अर्धी माणसां घराक."

"दोन साच्यांचा करार आधी करून घेऊ. आणि भागाजीचं काय?"

नानांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राचं पोस्टर होतं. "आता नको. मुंबय मिळवच्यासाठी सगळो गिरणगाव एक झालो हा. ह्या टायमाक साचा खात्यात भागाजीक आणून फूट पाडूची?"

"फूट भागाजी पाडतोय का, नाना?"

"ता माका विचारू नको."

साहेब स्वतः त्या चळवळीतले होते. मोर्चात जायचे. भागाजीही जायचा, नानाही जायचे. घोषणा देताना तिघांचे खांदे एकमेकांना लागायचे. त्यामुळे "आधी महाराष्ट्र" ह्या शब्दांपुढे साहेबांना बोलता येईना. मालकाला धोटा द्यावा तर माणसं कमी होणार. युनियनला द्यावा तर तो कपाटात जाणार. आणि कपाटात ठेवावा तर नानांचे विणकर खोकत राहणार आणि भागाजी बाहेर उभा राहणार. ट्राममध्ये ते खिशातला धोटा चाचपत बसत. आता त्यांच्या खिशात दोन धोटे असत, जुना आणि नवा.

मग एक दुपार अशी आली की कुणालाच कुठे जाता येईना. चळवळीचे दिवस होते. बाहेर रस्त्यावर गडबड सुरू झाली, पोलिसांनी रस्ता अडवला आणि मॅनेजरने गिरणीचे दरवाजे आतून लावून घेतले. पहिली पाळी आत अडकली, दुसरी बाहेर. यंत्रं थांबली. अश्रुधूर आत येऊ नये म्हणून खिडक्याही लावल्या. साचा खात्यात हवा आधीच दमट ठेवलेली असते, नाहीतर सूत तुटतं. त्या कोंदट हवेत सगळ्या खात्यांची माणसं डोळे चोळत बसली होती. आम्हा कचेरीतल्या मुलींना वर थांबायला सांगितलं होतं, पण साहेब म्हणाले, "कुमुद, वही घे. लिहून ठेवायला कुणीतरी हवं."

ते नानांकडे गेले. "नाना, एकदा बघा तरी. भागाजी चालवून दाखवेल. तोंड लागणार नाही, मी शब्द देतो."

नानांनी बंद दरवाजाकडे पाहिलं. बाहेरून घोषणा ऐकू येत होत्या. मग ते म्हणाले, "दाखवा तुमचो धोटो. आता जावचा तरी खंय?"

कोपऱ्यातला एक साचा स्वतंत्र मोटरवर चालायचा. तो सुरू करायला परवानगी मिळाली. वर काचेच्या खोलीत मॅनेजर उभे होते. भागाजी आला. त्याने हात धुतले होते, ते दिसत होतं. विणकरांनी साच्याभोवती अर्धगोल केला, पण अंतर ठेवून. भागाजीने नवा धोटा घेतला, कांडी बसवली आणि सुताचं टोक सोडवलं. साहेबांनी आपला अंगठा हवेत दाबून दाखवला. भागाजीने साहेबांकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, धोटा वर उचलला आणि भोकाला ओठ लावून ओढलं.

त्या शांततेत तो आवाज मला अजून ऐकू येतो. बारीक, कोरडा, घोट घेतल्यासारखा.

पुढच्याच क्षणी धोटा साच्यात होता आणि साचा चालू. त्याचे हात कुठेही अडखळले नाहीत. चार बोटं कापड झालं असेल, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "तोंड लावलान! तोंड लावलान त्यानं!" आणि मग सगळेच ओरडू लागले. साचा बंद केला. एकाने कात्री घेऊन ते चार बोटं कापड कापून काढलं आणि धोट्यासकट जमिनीवर टाकलं. कुणी भागाजीच्या अंगावर गेलं नाही. त्यासाठी त्याला हात लावावा लागला असता. साहेब मध्ये उभे राहून सांगत होते, "सवयीने झालं! सवय आहे त्याची, चूक माझी आहे!" ओठ न पुसता भागाजी आपल्या खात्यातल्या लोकांमध्ये जाऊन बसला. साहेबांनी वाकून धोटा आणि कापडाचा तुकडा उचलला. दरवाजे उघडायला अजून दोन तास होते, आणि ते दोन तास आम्ही सगळे एकाच हवेत बसून काढले. मी वहीत काही लिहिलं नाही.

"मी त्याच्याकडून सराव करून घ्यायला हवा होता," साहेब पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिले. "इतकी वर्षं त्याने जुन्याच पद्धतीने हात बसवलेला. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही."

मॅनेजरला त्या तोंडाशी काही देणंघेणं नव्हतं. साहेबांनी धोट्याचं चित्र गिरणीच्या कागदावर काढलं होतं, म्हणून धोटा गिरणीचा, असं पत्र निघालं. ते मीच टाइप केलं. ते वाचून साहेब म्हणाले, "कागद त्यांचा, पेन्सिल त्यांची. भोक तेवढं माझं." मग नोटीस निघाली. एका रांगेत नवे धोटे आणि माणसामागे चार साचे. तीही मीच टाइप केली, आणि फळ्यावर लागण्याच्या आधल्या दिवशी तिची कार्बन कॉपी साहेबांच्या टेबलावर ठेवली. आयुष्यात नियम मोडून केलेली माझी ती पहिली गोष्ट.

विणकरांनी काम थांबवलं. साहेब गेटवर त्यांच्यात उभे राहिले आणि स्वतःच्या धोट्याविरुद्ध घोषणा देऊ लागले. शेवटी चार साचे मागे घेतले गेले, आणि त्यांच्याबरोबर नवे धोटेही गेले. विणकर जिंकले आणि पुन्हा जुनं भोक ओढायला लागले. साहेबांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो मी तीन ओळींत टाइप केला, पण 'खेदपूर्वक' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द मी आपल्या मनाने घातला होता. तो त्यांनी काढायला लावला. "खेद कशाकशाचा, ते लिहायला हे पान पुरणार नाही." गेटबाहेर नानांनी त्यांना हार घातला. घालताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि हार साहेबांच्या कानाला अडकला. दोघंही हसले नाहीत.

त्यानंतर साहेबांनी डिलाईल रोडच्या एका व्यायामशाळेत रविवारचा वर्ग सुरू केला. टिपणं टाइप करायला मीही जात असे. कामगारांनी यावं, आपल्याला हवं ते अवजार स्वतः कागदावर काढावं आणि मग सगळ्यांनी मिळून ते बनवावं. शिवडीच्या एका कोळणीने मासळीच्या पाटीतून मानेवर गळणारं पाणी बंद करून मागितलं. साहेबांनी पाटीला पत्र्याची पन्हळ बसवली. ती दुसऱ्या आठवड्यात पाटी आपटत परत आली. "पाणी थांबलं रे दादा, पन मान वाकडी झाली माझी!" ती पन्हळ तीनदा बदलली. साहेब इतके आनंदात मला क्वचितच दिसले. भागाजीही त्या वर्गाला यायचा. मागे बसायचा. त्या दुपारबद्दल दोघंही बोलत नसत.

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात भागाजी पेढे घेऊन आला. वर्ग संपला होता. मी टाइप केलेले कागद लावत होते. त्याने साहेबांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी ते चुकून नाय झालं."

"काय चुकून नाही?"

"तोंड. मुद्दाम लावलं."

साहेबांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"धोटा तुमचा चांगलाच होता. सगळ्यांची छाती वाचली असती. पण हातात घेतला आणि वाटलं, हा मला आत घेणार, आणि माझं तोंड बाहेरच ठेवणार. तोंड वाईटच, फक्त लागत नाय म्हणून चालवून घेतात. आणि त्या दिवशी सगळे कोंडलेले. दारं बंद. म्हटलं, आज कुठं पळतात ते बघू."

"अरे, पण त्यात तुझं साचा खातं गेलं."

"गेलं. चार बोटं कापड मात्र विणलं ना? विणकरासारखं."

साहेब म्हणाले, "मी तुला आधी विचारायला हवं होतं."

भागाजी हसला. "विचारलं असतं तर मी 'बरं साहेब' म्हटलं असतं."

मग साहेबांनी पेढा अर्धा केला, अर्धा त्याला दिला, आणि दोघांनी खाल्ला. भागाजी साच्यावर कधीच गेला नाही. रिंग खात्यातूनच निवृत्त झाला.

त्या दिवसानंतर साहेबांनी कुणाच्या हातात धोटा ठेवून "ओढून बघा" म्हटल्याचं मला आठवत नाही. वर्गात मात्र एक नवं वाक्य आलं. कुणी शिकाऊ इंजिनिअर उत्साहाने सांगायचा की मी कामगाराला विचारलं आणि तो हो म्हणाला. साहेब म्हणायचे, "'बरं साहेब' म्हणाला का? मग त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. परत जा." मीरा, तू तिकडे परदेशात कारखान्यांसाठी यंत्रं आखतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तिकडे 'बरं साहेब' कसं म्हणतात, ते तुलाच शोधावं लागेल.

साहेब गेले तेव्हा कोट खुंटीवर होता आणि दोन्ही धोटे, त्या कापडाच्या तुकड्यासकट, खिशात. वहिनींनी ते माझ्या हातात दिले. "तूच घे, कुमुद. मला आता पानाचा डबा ठेवू दे." आणि मग त्या रडल्या.

ते दोन्ही तुमच्या नावाने त्या चार बोटं कापडात गुंडाळून ठेवले आहेत. घरातल्या प्रत्येक डब्याला मी चिठ्ठी लावते हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांना लावलेली नाही. हातात घेतलेत की ओळखाल. एकाचं भोक कितीतरी ओठांनी झिजून गुळगुळीत झालं आहे. दुसरा जवळजवळ कोरा आहे. तो कुणाचंही तोंड लागू नये म्हणून बनवला होता. त्याला एकाच माणसाने तोंड लावलं, आणि ते त्याने पूर्ण विचार करून लावलं.